तांब्याला भाव, गॅस हवेत: बाजार हवामानबदल सोडवेल का?

प्रश्न मुलुंडच्या एका सोसायटीतल्या सभासदाचा आहे. थोडक्यात असा: "ज्या भांडवलशाहीने कोळसा आणि पेट्रोल जाळून हवा बिघडवली, तीच आता सोलार, बॅटऱ्या आणि ईव्ही विकून ती सुधारेल असं म्हणतात. आमच्या छपन्न फ्लॅटच्या सोसायटीत सोलारचा ठराव तीन वर्षं अडकलाय. सोलार एवढं फायद्याचं असेल तर अडतंय कुठे? आणि मुळात हे सगळं बाजारावर सोडता येईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, सोडता येणार नाही. बाजाराला एक काम फार छान जमतं. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे, ती तो स्वस्त करत नेतो. पण गिऱ्हाईक कशाला असावं, धूर सोडणं फुकट असावं की नाही, हे बाजारात ठरत नाही. ते वीज नियामक आयोगात, मंत्रालयात, महापालिकेत आणि कधी एखाद्या आंतरराष्ट्रीय करारात ठरतं. तिथे ढिलाई झाली की बाजार बिनदिक्कत उलट्या दिशेने धावतो, तेही तितक्याच हुशारीने.

आधी जिथे जमलं ते बघू. २०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा आधारभूत दर युनिटला १७.९१ रुपये धरला होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला इथल्या लिलावात बोली २.४४ रुपयांवर आली आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत १.९९ वर. एलईडी बल्बचंही तेच. २०१४ मध्ये सरकारी घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला.

हे आकडे दाखवून "बघा, बाजाराने करून दाखवलं" म्हणणं सोपं आहे. पण सौर पॅनलला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते जर्मनीच्या २०००च्या कायद्यामुळे. त्या कायद्याने वीस वर्षं ठरावीक दराने वीज घ्यायची हमी दिली. त्या मागणीवर चीनमध्ये कारखाने उभे राहिले, त्यांना तिथल्या सरकारने जमीन आणि कर्ज पुरवलं. आपल्याकडे पंचवीस वर्षांचे खरेदी करार झाले आणि पैसे बुडणार नाहीत म्हणून मध्ये सरकारी कंपनी उभी राहिली. बल्बच्या बाबतीत ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा खरेदी काढली. त्यानंतरची भाव पाडण्याची चढाओढ मात्र खाजगी कंपन्यांचीच, आणि ती सरकारी कारखान्याला जमली असती असं वाटत नाही. म्हणजे मैदान एकाने आखलं, धावलं दुसरं कुणीतरी.

आता तुमच्या गच्चीवर येऊ, कारण खरी गोम तिथेच कळते.

सोसायटीचा कॉमन मीटर, म्हणजे दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने आणि आवारातले दिवे, महिन्याला साधारण २,५०० युनिट खातो असं धरू. मुंबईत एक किलोवॉटचा प्लांट वर्षाला सुमारे १,३५० युनिट देतो. जून ते सप्टेंबर उत्पादन पडतं, मार्च ते मे भरून निघतं. तुम्हाला २० किलोवॉट पुरतील: ५४५ वॉटचे ३७ पॅनल, दोन हजार चौरस फुटांच्या आसपास गच्ची, वर्षाला २७,००० युनिट. उंच स्ट्रक्चरसकट किलोवॉटला ६५,००० रुपये धरले तर खर्च १३ लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले ९ लाख ४० हजार. हिशेब सोपा राहावा म्हणून युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला २ लाख ७० हजार वाचतात. साडेतीन वर्षांत पैसे वसूल. प्रत्यक्षात सोलारमुळे आधी वरचा, महागडा स्लॅब कापला जातो, त्यामुळे बचत याहून जास्तच निघते. तुमच्या बिलावर शेवटच्या स्लॅबचा दर बघा आणि तो आकडा घालून पुन्हा गणित मांडा.

साडेतीन वर्षांत पैसे वसूल करून देणारी ही गोष्ट तीन वर्षं अडते कशी? तीच बचत छपन्न घरांत आणि बारा महिन्यांत वाटा. घरामागे महिन्याला ४०० रुपये. चारशे रुपयांसाठी कुणी रविवारची सकाळ सभेत घालवत नाही. आणि अर्ज, निविदा, मोजणी, मीटर, अनुदान हे सगळं ज्याने करायचं, त्या सेक्रेटरीला यातून काय मिळतं? शिव्या. पुस्तकातल्या बाजारात फायदा दिसला की माणूस धावतो. मुंबईच्या सोसायटीत फायदा छपन्न जणांचा असतो आणि डोकेदुखी एकाची.

दुसरी अडचण पुनर्विकास. पॅनल पंचवीस वर्षं चालतात, आणि तुमच्या इमारतीच्या खाली बिल्डरच्या गाड्या आत्ताच दिसत असणार. "पाच वर्षांत पाडायचीच आहे, मग कशाला?" हा सभेतला आक्षेप मूर्खपणाचा नाही. त्याला उत्तर कागदावर द्यावं लागतं, ते शेवटी सांगतो.

तिसरी अडचण शेवटच्या मजल्यावरच्या सभासदाची, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. आपल्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंग म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. कॉन्ट्रॅक्टर त्यात ड्रिल मारून बोल्ट ठोकतो, पहिला पावसाळा बरा जातो, दुसऱ्याला छत ओलं होतं. म्हणून कोब्याला भोक पाडायचंच नाही, वर काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे, असं ठरतं. तिथे दुसरी चूक होते. एक फूट लांबी, रुंदी, उंचीचा ठोकळा साधारण ६५ किलोचा. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ते मांडलं तर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो दाब येतो आणि अडीच चौरस मीटरच्या पॅनलवर ३०० किलोच्या घरात जोर पडतो. कोन, कठडा आणि इमारतीची उंची यांनुसार हा आकडा वर-खाली होतो, पण पॅनलमागे दोन ठोकळे ठेवून निघून जाणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला हे गणित कागदावर मागा. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय पहिला हप्ता सोडू नका.

बाकीचं भराभर. लोखंडावर ८० मायक्रॉनचं गरम जस्ताचं गॅल्वनायझिंग हवं, आणि गच्चीवर आणून कापाकापी किंवा वेल्डिंग नको. कापलेल्या जागी जस्त जातं आणि खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. सावली डिसेंबरात बघा. तेव्हा मुंबईत भरदुपारी सूर्य ४७-४८ अंशांवरच असतो आणि तीन मीटरच्या पाण्याच्या टाकीची सावली पावणेतीन मीटर पडते, सकाळी तर कितीतरी लांब. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली आली की अख्ख्या रांगेचं उत्पादन बसू शकतं. कबुतरांची विष्ठा खालच्या कडेला साचते आणि तिथे पॅनल तापून डाग पडतो. ऑक्टोबर ते मे पंधरा दिवसांतून एकदा धुणं आणि कडेने जाळी, एवढं पुरतं. शेजारी टॉवरचं काम चालू असेल तर आठवड्याला धुवा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ मंजूर भाराचा, म्हणजे वीज कंपनीने त्या मीटरला मंजूर केलेल्या किलोवॉटचा, होतो. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचा (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याचा) प्लांट त्या मीटरच्या मंजूर भारापेक्षा मोठा बसवता येत नाही. तुमच्या प्रत्येक विंगचा मीटर वेगळा आणि भार आठ-आठ किलोवॉट असेल, तर २० किलोवॉटचा अर्ज परत येणार. आधी भार वाढवून घ्या, मग अर्ज करा. अनुदान हवं असेल तर पॅनल देशात बनलेल्या सेलचे लागतात. ते थोडे महाग असतात, स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ गाळलेली असते.

या प्लांटने किती कार्बन वाचतो? ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. २७,००० युनिटचे झाले जवळपास १९ टन.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्याच इमारतीतला जुना एसी तो कसा पुसून टाकतो ते बघण्यासारखं आहे.

दीड टनाच्या जुन्या स्प्लिट एसीत साधारण १.२ किलो आर-२२ गॅस असतो. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट उष्णता धरतो. म्हणजे एका एसीतला गॅस हवेत सोडला की दोन टनांहून जास्त कार्बन सोडल्यासारखं झालं. असे नऊ एसी काढले आणि गॅस उडवला की तुमच्या प्लांटचं एक अख्खं वर्ष पाण्यात.

आता एसी भंगारात जातो तेव्हा काय होतं? माणूस येतो, तांब्याचा पाइप कटरने कापतो, दोन मिनिटं फुस्स आवाज होतो, आणि तो आउटडोअर खांद्यावर टाकून चालू लागतो. पुढे कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याचं तांबं वेगळं होतं, ॲल्युमिनियम वेगळं, कॉम्प्रेसर वेगळा. तांब्याचा ग्रॅमही वाया जात नाही. त्यासाठी ना इन्स्पेक्टर लागतो, ना जनजागृती. एकाच यंत्रातली एक वस्तू बाजार शेवटच्या तुकड्यापर्यंत गोळा करतो आणि दुसरी हवेत सोडतो, कारण तांब्याला भाव आहे आणि गॅसला नाही. गॅस काढून घ्यायला रिकव्हरी मशीन लागतं, सिलिंडर लागतो, अर्धा तास जातो, आणि मिळालेल्या मिसळ गॅसला गिऱ्हाईक सापडत नाही. मेकॅनिकने तोटा का सोसावा? त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एसी भंगारात न जाता दुसऱ्या घरी हलवायचा असेल तर मात्र खर्चाचा प्रश्नच येत नाही. गॅस आउटडोअरमध्येच कोंडून घ्यायचा, त्याला पंप डाउन म्हणतात. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, दाब मोजणारा गेज लावायचा, बारीक पाइपचा व्हॉल्व्ह एलन कीने बंद करायचा. कॉम्प्रेसर आतला सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतो. गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच एसी बंद करायचा. एक-दोन मिनिटांचं काम आहे. रेंगाळायचं नाही, कारण सांधा सैल असेल तर कॉम्प्रेसर हवा ओढतो, आणि तेल, हवा आणि दाब एकत्र आले की तो फुटू शकतो. कॉम्प्रेसरच बिघडलेला असेल तर पंप डाउन होत नाही, तिथे रिकव्हरी मशीनला पर्याय नाही.

मग गॅसला भाव दिला की प्रश्न सुटला? हाही प्रयोग होऊन गेलाय, आणि योगायोगाने याच आर-२२ वर. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो, साधारण तीन टक्के. हवामानबदलावरच्या क्योटो कराराच्या कार्बन क्रेडिट योजनेत (एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याची विकता येणारी पावती) तो एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट मिळायचे. म्हणजे एक टन आर-२२ मागे साडेतीनशे क्रेडिट. क्रेडिटचा भाव दहा युरो धरला तर साडेतीन हजार युरो, आणि हा आकडा खुद्द आर-२२ च्या किमतीला मागे टाकणारा होता. जाळायचा खर्च त्या मानाने किरकोळ. साहजिकच कचरा हाच खरा माल ठरला आणि तो कमी करण्यात कुणालाच रस उरला नाही. चीन आणि भारतातल्या कारखान्यांना यातून भरपूर पैसे मिळाले. शेवटी २०१३ पासून युरोपियन युनियनने हे क्रेडिट घेणं बंद केलं. कारखान्यांनी कायदा मोडला नव्हता. त्यांनी समोर ठेवलेलं गणित सोडवलं, एवढंच.

त्याच वायूंच्या कुळात लागू पडलेला उपायही आहे. १९८७चा माँट्रियल करार. त्यात भाव वगैरे नाही, सरळ मर्यादा आहे: अमुक वर्षापर्यंत उत्पादन इतकं खाली आणा, पुढे बंद. ओझोनसाठी केलेल्या या करारामुळेच आर-२२ नव्या एसीतून गेला. मग कंपन्या पर्याय शोधायला लागल्या आणि आज दुकानात दिसणारा आर-३२ आला, ज्याचा आकडा १,८१० ऐवजी ६७५ आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ मध्ये आर-३२सारख्या या पुढच्या पिढीच्या वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. शोध कंपन्यांनीच लावला, पण मागे तारीख लागलेली होती म्हणून. माझं मत विचाराल तर कार्बनवर भाव लावण्यापेक्षा अशी तारीख लावणं जास्त खात्रीचं, विशेषतः जिथे कारखाने मोजके आहेत.

कार्बनचा भाव अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. युरोपचा कार्बन बाजार २००५ मध्ये सुरू झाला, धूर सोडायचे परवाने इतके उदारपणे वाटले की २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्यावर आला. पुढे परवाने आवळले, तेव्हा २०२३ मध्ये तोच भाव टनाला शंभर युरोपर्यंत गेला. आता युरोपने आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांवर सीमेवरच कार्बनचा हिशेब लावायला घेतलाय. आपली कार्बन क्रेडिट योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिचं यश एकाच गोष्टीवर अवलंबून राहील: कारखान्यांना दिलेलं उद्दिष्ट टोचतं का. उद्दिष्ट सैल असेल तर ट्रेडिंग होईल, धूर तेवढाच राहील.

आणि मुंबईचा खरा प्रश्न, पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी असेल तेव्हा. महापालिकेच्या ब्रिमस्टोवॅड या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात ती क्षमता ५० वर न्यायची ठरलं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली, जिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी समुद्रात फेकतो. दादरच्या हिंदमाताच्या बशीसारख्या खोलगट भागात साचणारं पाणी साठवायला जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या. या पंपाचं बिल कुणाच्या नावाने फाडणार? पैसे भरलेल्या दुकानापुढे कोरडं आणि न भरलेल्यापुढे ओलं, असं पाणी करता येत नाही. म्हणून यात गुंतवणूकदार येत नाही. बाजार आपल्या परीने उत्तर देतो, पण ते असं: नवा टॉवर आपला पोडियम चार फूट वर घेतो, आणि त्याच्या आवारातलं पाणी शेजारच्या चाळीच्या तळमजल्यात शिरतं. टॉवरचा प्रश्न सुटला.

वाढत्या खपाचा मुद्दा राहिला. कारखाने कार्यक्षम झाले की कोळसा कमी लागेल असं नाही, उलट जास्त जळेल, हे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने इंग्लंडबद्दल १८६५ मध्येच म्हटलं होतं. बल्ब ३८ रुपयांचा झाल्यावर मुंबईत झाडांच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या आपण पाहिल्याच. पण म्हणून सगळा दोष नफ्याला देता येत नाही. कोल इंडिया सरकारी आहे, वीज बनवणारी एनटीपीसीही. मुंबईला रात्री नऊ वाजता जी वीज लागते ती राजस्थानातल्या दोन-अडीच रुपयांच्या सौर विजेतून येत नाही, आणि बाहेरून वीज आणायला लाइनही मोजक्याच. ट्रॉम्बे आणि डहाणूच्या वीजकेंद्रांतला कोळसा त्या तासांसाठी जळतो. तिथे बॅटरी बसते का, हे पुन्हा निविदा कोण काढतो आणि आयोग खर्च मंजूर करतो का यावर आहे. बॅटरीचे भाव तर झपाट्याने उतरतायत.

आता तुमचा ठराव. नुसतं "सोलार बसवावे" असं लिहून आणाल तर चौथ्या वर्षीही अडेल. त्यात पाच गोष्टी आकड्यांसकट घाला. काम सेक्रेटरीकडे न देता तीन जणांच्या उपसमितीकडे द्यायचं, आणि कागदपत्रं करणाऱ्या सल्लागाराची फी प्रकल्पाच्या खर्चातच धरायची. स्ट्रक्चर पूर्ण बोल्टचं, सुटं करता येणारं. वॉटरप्रूफिंगची पाच वर्षांची लेखी हमी कॉन्ट्रॅक्टरकडून घ्यायची आणि दहा टक्के रक्कम दुसरा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायची. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली पुनर्विकास झाला तर प्लांट उतरवणं, ठेवणं आणि नव्या गच्चीवर बसवणं बिल्डरच्या खर्चाने, नाहीतर घसारा वजा करून किंमत सोसायटीला, हे विकास करारात घालायची अट आत्ताच मंजूर करून ठेवायची. पाचवी गोष्ट एसीची: सभासदाने एसी हलवताना पंप डाउन करून घ्यायचा, भंगारात देताना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्यालाच द्यायचा, आणि त्या रिकव्हरीचे पैसे पहिली दोन वर्षं सोलारच्या बचतीतून सोसायटीने भरायचे. घरामागच्या त्या चारशे रुपयांतून ते सहज निघतात.